पितर

आमच्या भंडाऱ्याकडे ळ जिभेवर टिकत नाही.
केळीची केर होते, डोळ्याचा डोरा,
आणि पितळेला पैकूजी कासार
पितर म्हणतात.

"कोनते पितर पायजेत?"
चष्म्याच्या दोरीत बोट अडकवून त्यांनी विचारलं.
मी कागद उलगडला.
सुकाणूच्या बिजागऱ्या दोन.
वल्ह्यांसाठी कड्या चार.
शिडाचा दोर गुंडाळायला शिंगं सहा
(कशी शिंगं? गोऱ्ह्याची, नुकती फुटलेली, दोन्हीकडे निघालेली),
एक कप्पी, आतल्या चाकासकट,
आणि नावेच्या नाकावरून खाली उतरणारी
पट्टी. अडीच हात.

"आन् दर्या कोठी हाय?"
दर्या नाही, म्हटलं. धरणाचं पाणी.
"मंग लोखंड टाका ना बावा.
गोड्या पान्यात धा वर्सं काई होत नाई त्याले."

खरंच होतं ते.
बावीस वर्षं जहाजाच्या पोटात इंजिन पुसलेला माणूस
यावर काय बोलणार?
गंजाचा वास मला पुन्हा नको होता, एवढंच.
कोचीहून भाव मागवला होता मी.
एका शिंगाच्या किमतीत इथं गाभण शेळी येते.

मग तीन दुपारी हनीफच्या मोडीत बसून काढल्या.
स्टोव्हच्या टाक्या, बंबाच्या तोट्या,
समयांची नुसती खोडं,
झाकण हरवलेला पानाचा डबा, आत चुना तसाच.
प्रत्येक भांड्याच्या काठाशी
ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं कुणाचं तरी लग्न.
हनीफ नाव वाचत नाही, वजन वाचतो.
पैकूजी काहीच वाचत नाहीत,
नखानं टिचकी मारतात आणि कान देतात.
"कासा गाते," ते म्हणाले,
"पितर निस्तं हो म्हनते."
बिजागऱ्यांसाठी त्यांनी गाणारं वेगळं काढलं.

सागाच्या तुकड्यातून मी शिंग कोरून दिलं.
पेटीत नदीची चाळलेली रेती,
बांधायला गुळाचं पाणी.
रस ओतला तेव्हा जस्ताचा पांढरा धूर
छपरात गेला आणि दोघंही खोकलो.
पहिलं शिंग भोकाभोकांचं निघालं,
कीड लागलेल्या वांग्यासारखं.
मी ते परत मुशीत टाकायला गेलो
तर हात धरला.
"पयला राऊ द्या." कोनाड्यात ठेवलं,
तिथं आधीचे पहिले बसलेच होते.

पट्टीसाठी गुंड निघाला, जाड पत्र्याचा,
गळ्याभोवती दोन ओळी:
चि. सौ. कां. — हीस, मु. —,
पुढचं लांबपर्यंत.
गाव मी ओळखलं.
नव्या वस्तीत आम्हाला प्लॉट नंबर मिळाले,
माझा एकशे चौदा.
"वितरवू नोका हा," मी म्हणालो,
आणि माझ्या तोंडी र आलेला
दोघांनाही ऐकू आला.

नावाच्या जागीच पोचा होता, खोल,
तिथं पत्रा कातरावा लागला.
कातरलेलं काय केलं मी विचारलं नाही,
बहुतेक कप्पीत गेलं.
उरलं ते ठोकून सरळ केलं,
चिंचेनं घासलं,
नाकावर अकरा स्क्रूंनी बसवलं.

आता नाव काठाशी उभी असली
की ढिवरांची पोरं मान वाकडी करून वाचतात,
कारण अक्षरं आडवी झोपलीत, वरून खाली:
यांजकडून सप्रेम भेट.
"कोनाकडून जी?" एकानं विचारलं.
मी दोर शिंगाला आठाच्या आकड्यात गुंडाळत होतो,
दोन्ही हात गुंतलेले.

दोन माणसं बसली की नाव चार बोटं खाली जाते
आणि पाणी बरोबर सप्रेमपाशी येतं.
भेट खाली राहते.
वारा पश्चिमेकडून असला तर
शाळेच्या अलीकडे, पाटलांच्या विहिरीच्या वर,
नाक उचलतं
आणि क्षणभर ती ओली वर येते.